हात न पोचणारा आरसा

स्नेउपूर्ट, कारू
११ जानेवारी

शार्नेल पोरी,

तुझा फोटो मिळाला. लायब्ररीतल्या मिस कूपमाननी मोठा छापून दिला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं पोतं, तोंडाला फडकं, नुसते डोळे उघडे. मी म्हटलं, ही माझी नात कशावरून? मिस म्हणाली, "ओमा सिना, डोळे बघा ना." डोळे मेंढीलाही असतात.

पत्र मी स्वतः लिहितेय. चार इयत्ता शिकले, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण माझं आहे. फोनवर डाव्या कानाने मला ऐकू येत नाही आणि उजव्या कानात तू एवढं भराभर बोलतेस की कळत नाही. म्हणून कागद. मिस त्याचा फोटो काढून तुला पाठवते, तुझं पत्र छापून पाकिटात घालून मला देते. वाचत नाही म्हणते. तिच्या भुवया वेगळं सांगतात.

टेकडीवर तारे बघायला आलेल्या आणि आता जर्मनीला परत निघालेल्या एका आकाशवाल्याबरोबर मलमाचा डबा पाठवलाय. हात फाटलेत म्हणालीस ना, लाव. गुपचूप लाव, नाक मुरडू नकोस.

आता एक विचारते. तुम्ही तिकडे दुर्बीण बनवताय ती म्हणे रॉकेटात घालून वर सोडणार. दुकानात बायका बोलतायत, की आता दुर्बिणी वर जायला लागल्या, मग आपल्या टेकडीवरच्या बंद होणार. इथे प्रत्येक घरातलं एक माणूस टेकडीवर कामाला. मी स्वतः एकतीस वर्षं तिथल्या वसतिगृहात आकाशवाल्यांच्या चादरी बदलल्या. ते दिवसा झोपायचे म्हणून दिवसभर कुजबुजत बोलायचे. माझ्यासारखीने कुजबुजायचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तर तुमची दुर्बीण आणि आमची दुर्बीण यात फरक काय, ते सरळ भाषेत लिही. आकाशवाल्यांसारखं लिहिलंस तर पत्राने चूल पेटवीन.

तुझी ओमा


जर्मनी
२ फेब्रुवारी

प्रिय ओमा,

ओमाचा डबा पोचला. (हो, इतक्या लांबूनही ओमाला ‘तू’ म्हणायची हिंमत होत नाही.) झाकण काढलं आणि खोलीभर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा आणि बुखूच्या रानपाल्याचा वास. शेजारणीने येऊन विचारलं, काही मेलंय का. पण दोन दिवसांत भेगा मिटायला लागल्या. कामाच्या जागी तेलकट काही चालत नाही, म्हणून फक्त सुट्टीच्या दिवशी लावते.

आता फरक. नाश्त्याला आलेल्या आकाशवाल्यांची तोंडं बघून ओमा सांगायची ना, "काल हवा नाचत होती, आज अंडी कुणी संपवणार नाही." तीच हवा. जानेवारीच्या भर उन्हाळ्यात दुपारी लोकर कातरायच्या शेडच्या पत्र्यावर हवा कशी थरथरते आणि पलीकडचा डोंगर हलल्यासारखा दिसतो, तसा टेकडीवरून दिसणारा प्रत्येक तारा थोडा हलतो. आमची दुर्बीण हवेच्या वर असणार. तिथे तारा लुकलुकत नाही, खिळ्यासारखा स्थिर दिसतो. ढग नाही, पाऊस नाही.

दुसरं, उजेडाचा एक प्रकार डोळ्यांना दिसत नाही, नुसती ऊब असते. फार लांबचे, फार जुने तारे त्या उबेतच सापडतात. ती ऊब आपली हवा वाटेतच पिऊन टाकते. शिवाय जमीन गरम, दुर्बीण गरम, सगळंच गरम. भट्टीत बसून लांबची मेणबत्ती शोधण्यासारखं. म्हणून आमची दुर्बीण चंद्राच्या चौपट लांब जाऊन थांबणार, उन्हाकडे छत्री धरून. तिथे ती इतकी गार होईल की स्नेउपूर्टचा जुलैतला हिवाळा म्हणजे तिच्यापुढे चूल.

पण टेकडी बंद होणार नाही, ओमाने बायकांना सांगावं. वर पाठवायचा आरसा रॉकेटात मावेल एवढाच करता येतो, तोही घडी घालून. आपल्या टेकडीवरचा आरसा आपल्या अख्ख्या घरापेक्षा रुंद आहे. वरच्या दुर्बिणीला एखादा ठिपका सापडतो, मग त्या ठिपक्याचा उजेड फोडून आत काय काय आहे ते बघायला खालच्या मोठ्या आरशाला रात्रीच्या रात्री घालवाव्या लागतात. एकीचं काम दुसरी करू शकत नाही.

वीस मार्चला आमचा आरसा त्याच्या पेटीत बंद होईल. त्यानंतर त्याला माणसाचा हात लागणार नाही. कधीच.

ओमाची शार्नेल


स्नेउपूर्ट
१० फेब्रुवारी

शार्नेल,

कळलं. तुमचा आरसा स्वच्छ, गार, लांब, आणि कुणाच्या हाताला न लागणारा. असा एक पाद्री आपल्याकडे होता. त्याचाही कुणाला उपयोग झाला नाही.

दुकानात मी सगळ्यांना सांगितलं. मेणबत्ती आणि भट्टी बायकांना लगेच समजली. पुरुष अजून वाद घालतायत.

पण मला एक कळत नाही. आमच्या टेकडीवर धूळ येते, आरशावर पतंग मरून पडतात, हिवाळ्यात बर्फाने दार उघडत नाही. तरी काय होतं? आरशाचा एक तुकडा काढतात, खाली आणतात, धुतात, जुना चकचकीत मुलामा खरवडून नवा चढवतात, परत बसवतात. मग दुसरा तुकडा. वर्षभर हेच चालतं. बिघडलं की शिडी लावून माणूस वर चढतो, शिव्या देतो, पाना फिरवतो. तुमच्या आरशाला शिव्या द्यायला कोण जाणार? नाक पुसता येणार नाही असं पोर कशाला जन्माला घालायचं?

मलम संपलं की कळव. यंदा शेपट्या चांगल्या जाड आहेत.

ओमा


जर्मनी
२६ फेब्रुवारी

प्रिय ओमा,

इथे सगळं ठीक. काम खूप आहे. बर्फ पडतोय.

एक सहज विचारायचं होतं. मलमात काय काय घालते ओमा? चरबी किती, मेण किती, पाला कुठला? आणि हात साबणाने धुतले तर ते पूर्ण निघतं का, की कातडीत राहतं? घाई नाही, पण लवकर लिहिलं तर बरं.

शार्नेल


स्नेउपूर्ट
१ मार्च

शार्नेल,

तुझ्या आईने तीस वर्षांत मला मलमाची कृती विचारली नाही आणि तुला एकदम हवी झाली. तिकडे बाटलीत भरून विकायचा विचार आहे की काय? का त्या शेजारणीचं नाक सुधारलं? लिहून घे. चरबी सगळ्यात जास्त, शेपटीची, कढवून गाळलेली. तिच्या चौथाई मधमाशांचं मेण. बुखू मूठभर, चरबीत रात्रभर बुडवून. पाणी थेंबभर नाही. साबणाने निघत नाही, तेच तर त्याचं काम आहे. भेगेत शिरतं आणि दोन-तीन दिवस बसून राहतं. दुकानातलं क्रीम पाहुण्यासारखं येतं आणि जातं.

आता माझं ऐक. पत्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. "सगळं ठीक." हात कसे आहेत, त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि मलमाबद्दल चार प्रश्न. सात वर्षांची असताना तू माझ्या दिव्याची काच फोडलीस, तेव्हा अशीच येऊन उभी राहिली होतीस. "ओमा, काच कशाची बनवतात?"

काय फोडलंस?

ओमा


जर्मनी
५ मार्च

प्रिय ओमा,

फोडलं नाही. हात लागला.

तेवीस फेब्रुवारीला, सोमवारी. रविवारी संध्याकाळी मलम लावलं होतं. सकाळी हात तीनदा धुतले, स्पिरिटने पुसले, दोन-दोन हातमोजे चढवले. आरशाच्या एका तुकड्यामागची चौकट धरून उभी होते. काम संपल्यावर मोजे काढले, तर उजव्या अंगठ्याजवळ दोन्ही मोजे फाटलेले. किती वेळ फाटलेले होते कोण जाणे. त्या वेळात माझा अंगठा चौकटीला लागला. मला माहीत आहे लागला, कारण धातूचा गारवा लागला होता. तेव्हा वाटलं मोज्यातूनच लागतोय.

आरशाला नाही, ओमा, चौकटीला. मी स्वतःला हेच सांगत होते. पण चरबी जागच्या जागी बसत नाही. वर गेल्यावर तिची सूक्ष्म वाफ होते आणि जिथे सगळ्यात गार असतं तिथे जाऊन गोठते. सगळ्यात गार आरसा. आणि जी ऊब बघायला हा आरसा चाललाय, तिचाच एक पट्टा चरबी नेमका गिळते. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पंधरा वर्षं आरशावर माझ्या अंगठ्याची साय राहील.

मोजा फाटला तर त्याच क्षणी सांगायचं, हा पहिला नियम. मी मोजे कचऱ्यात टाकले. आज दहा दिवस झाले. आता सांगितलं तर मलमही सांगावं लागेल आणि दहा दिवसही. माझा करार डिसेंबरपर्यंतचा आहे. तो गेला तर इथे राहायचा परवानाही गेला. कारूच्या मेंढपाळांच्या घरातून इथवर आलेली मीच एक, आणि तीही मेंढीच्या चरबीने गेली, असं म्हणतील.

माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. वीस तारखेला पेटी बंद होतेय. आपल्या टेकडीवर असते तर कधीच सांगून टाकलं असतं.

शार्नेल


स्नेउपूर्ट
८ मार्च

शार्नेल,

"आपल्या टेकडीवर असते तर सांगितलं असतं." टेकडीवर कोण काय सांगतं ते मला विचार.

तुझी आई तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा मोठी दुर्बीण नव्हती, धाकटी होती. तिचा आरसा वर्षातून एकदा उतरवून धुवायचे. गावातला एकच माणूस आरशाला हात लावू शकायचा, फ्लोर्स हार्टनिक. तुझा ऊम फ्लोर्स, कोपऱ्यावरचा काका. त्या दिवशी तो चर्चचे बूट घालून कामावर यायचा. कापसाचा बोळा असा फिरवायचा, जसं काही बाळाची टाळू पुसतोय. गोरे तंत्रज्ञसुद्धा म्हणायचे, हे काम फ्लोर्सचंच.

बादल्या उचलायला मला बोलावलं होतं. त्यांचा तो बाटलीतला साबण फेसच करेना. मी म्हटलं, ह्याने काय धुऊन निघणार? माझ्या झोळीत माझा साबण होता, शेपटीची चरबी आणि गन्ना नावाच्या खारट रानझुडपाची राख. चर्चच्या चादरी मी त्याने धुते, पाद्री डोळे मिचकावतो इतक्या पांढऱ्या होतात. मी मूठभर किसून फ्लोर्सच्या बादलीत टाकला. कुणाला विचारलं नाही. साबणाचं मला कुणी शिकवायचं?

राखेतला खार तो चकचकीत मुलामा खातो, हे मला काय माहीत. फ्लोर्सने बोळा फिरवला आणि आरशाच्या मधोमध ठिगळं पडली. जिथे आकाश दिसायचं तिथे खालचं लाकूड दिसायला लागलं. "बादली कुणाची?" बादली फ्लोर्सची. मी शेजारी फडकं घेऊन उभी. तोंडात मिठाची गुळणी.

घरी लहान पोर होतं, हे खरं. नोकरी नवी होती, हेही खरं. पण खरं कारण म्हणजे पहिल्या दिवशी बोलले नाही, मग दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, तिसऱ्या दिवशी तीन. तुला ठाऊक आहे ते.

आरसा आठ दिवसांत नवा झाला. काचेला काही झालं नव्हतं, मुलामा परत चढवला, संपलं. फ्लोर्सला आरशावरून काढलं. बावीस वर्षं त्याने टेकडीच्या रस्त्यावरचा बर्फ उपसला आणि गटारं साफ केली. लोकांना सांगायचा, माझी नजर अधू झाली म्हणून मीच सोडलं.

म्हणजे दुरुस्त होणारा आरसा होता म्हणून मला गप्प बसणं परवडलं. तुला तेही परवडत नाही. आणि उद्या वर काही कमी दिसलं तर कुणाची तरी बादली शोधतील. एक फ्लोर्स सगळीकडे असतोच.

हे पत्र आत्ता पाठवत नाही. उद्या फ्लोर्सकडे जाते, मग पुढचं लिहिते. स्वतः न करता दुसऱ्याला सांगायला मी पाद्री नाही.

९ मार्च

जाऊन आले. फ्लोर्स ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मी फाटकातूनच म्हटलं, "फ्लोर्स, साबण माझा होता."

"कुठला साबण?"

"आरशाचा."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "बादली मी भरली होती, सिना."

"पाणी तू भरलंस. साबण मी किसून टाकला. चादरीचा."

"कशाला?"

"तुमच्याला फेस येत नव्हता म्हणून."

"फेस," तो म्हणाला. "सदतीस वर्षं मी विचार करतोय, त्या दिवशी पाणी कुठल्या टाकीचं घेतलं होतं. सदतीस वर्षं, बाई. त्या टाकीचं पाणी मी अजून पीत नाही."

मग तो उठला. घरात गेला. खुर्चीसुद्धा आत घेऊन गेला. कडी लागल्याचं मला ऐकू आलं, डाव्या कानालासुद्धा.

सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. गुडघे दुखले. पण झालं. मिस कूपमान हे वाचणार, वाचू दे. आता गावात कळायचं काही उरलेलं नाही.

मला सदतीस वर्षं लागली. तुझ्याकडे अकरा दिवस आहेत. डबा बरोबर घेऊन जा, वास दे त्यांना.

ओमा


जर्मनी
१७ मार्च

प्रिय ओमा,

अकराव्या तारखेला सांगितलं. डबा घेऊन गेले. माझ्या वरिष्ठ बाई, फ्राउ लिंडेनाउ, त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, आणि म्हणाल्या, "हे हाताला लावायचं असतं?"

चौकट उघडली. एका खास निळ्या दिव्याखाली बघितलं तर माझा अंगठा तिथे होता. अर्धा चंद्र, भेगेसकट. ओमाचं मलम खरंच निघत नाही. तीन वेळा, तीन वेगळ्या द्रावणांनी पुसावं लागलं. शेजारचे दोन तुकडेही तपासले, ते स्वच्छ निघाले. पेटी आता दोन एप्रिलला बंद होईल. तेरा दिवस उशीर, सत्तर माणसांचं वेळापत्रक माझ्यामुळे बदललं. जेवणाच्या जागी माझ्या टेबलावर कुणी बसत नाही.

फ्राउ लिंडेनाउ म्हणाल्या, "अंगठा समजू शकते. सोळा दिवस समजू शकत नाही." आरशाजवळ मला परत जाता येणार नाही. करार मोडला नाही, डिसेंबरपर्यंत आहे. आता मी मोज्यांच्या खोलीत आहे. प्रत्येक मोजा हवा भरून, फाटलाय का बघायचा, मग आत पाठवायचा. आत कोण काय करतंय ते काचेतून दिसतं.

मी आरसा पुन्हा हाताळणार नाही, ओमा. सहा वर्षं त्यासाठी शिकले.

डबा त्यांनी तपासायला ठेवून घेतला. ओमाच्या मलमाला आता क्रमांक आहे आणि स्वतःची फाइल आहे.

ऊम फ्लोर्स बोलले का?

शार्नेल


स्नेउपूर्ट
पुढच्या वर्षीचा २२ सप्टेंबर

शार्नेल,

तुझा करार त्यांनी आणखी दोन वर्षं वाढवला, ते मिसने सांगितलं. म्हणजे माझं पत्र माझ्या आधी तीच वाचते, हे सिद्ध झालं. मोज्यांच्या खोलीत कुणीतरी फाटका मोजा ओळखणारं हवंच. तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तुमची दुर्बीण वर गेली ते लायब्ररीतल्या पडद्यावर आम्ही सगळ्यांनी बघितलं. धूर, आवाज, आणि संपलं. मिस रडली. मी म्हटलं, रडतेस काय, आता तिला धूळ लागणार नाही, पतंग लागणार नाहीत. मग घरी आले आणि ओट्यावरून वर बघितलं. काही दिसलं नाही. दिसणार नाही हे माहीत होतं. तारे नाचत होते. टेकडीवर आज अंडी उरणार.

शनिवारी चर्चचा बाजार होता. मी पॅनकेकच्या तव्यावर, नेहमीसारखी. मिस कूपमान रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होती, "ओमा सिनाच्या नातीची दुर्बीण वर गेली." शेवटी एकीने विचारलं, "सिना, तुझ्या नातीने नक्की काय केलं त्यात?"

मी म्हटलं, "तिने तो आरसा घाण केला. आणि वेळेत सांगितलं."

रांगेत चौथा फ्लोर्स होता. दीड वर्ष तो माझ्या तव्याकडे फिरकला नव्हता. चर्चमध्ये मी डावीकडे बसले की तो उजवीकडे. मी दोनदा मलम नेऊन फाटकावर ठेवलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी माझ्या फाटकावर परत. त्या दिवशी रांगेत का उभा राहिला, मी विचारलं नाही. त्याची पाळी आली.

"घाण करणं आजीवर गेलंय," तो म्हणाला.

"गेलंय," मी म्हटलं.

"आणि वेळेत सांगणं? ते कुणावर गेलं?"

"कुणास ठाऊक. माझ्यावर नाही."

त्याने ताटली पुढे केली. मी एक पॅनकेक टाकला, दालचिनी-साखर भुरभुरली.

"कडेने करपलाय," मी म्हटलं. "आधीच सांगते."

त्याने तिथेच उभ्याउभ्या खाल्ला.

तुझी ओमा